भांडे काढले, भोकाचे काय?

उदगीरमध्ये घरात लग्न ठरले किंवा दिवाळी जवळ आली, की दुरुस्तीचे काम निघते. त्यातच आजीचे गुडघे धरलेले असतात, म्हणून संडासातले जुने बसके भांडे काढून कमोड बसवायचे ठरते. टाइल्सच्या रंगावर चार दिवस खल होतो. जुने भांडे काढण्याच्या कामावर कुणी चार मिनिटेही बोलत नाही. गवंडी बिगाऱ्याच्या हाती घण देतो आणि ‘फोड’ म्हणतो. बिगाऱ्याच्या पायात स्लीपर, हात उघडे.

हे काम फरशी फोडण्यासारखे नाही. भांड्याखाली पाइपाला एक वाक असतो आणि त्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साचून राहते. सेप्टिक टँकमधले वायू घरात येऊ न देणारे दार म्हणजे एवढेच पाणी. अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा वाकड्या नळीच्या संडासाचे पेटंट घेतले; आजही त्याहून सोपी युक्ती कुणाला सापडलेली नाही. भांडे आणि वाक निघाले, की हे दार उघडे पडते. ते पुढे आठ-आठ दिवस उघडेच असते, कारण टाइल्सवाला अजून आलेला नसतो.

पाइपात फडके कोंबले की झाले, असे समजतात. नुसते फडके आत घसरते आणि नवा कमोड पहिल्याच आठवड्यात तुंबतो. पाइपाच्या मापाची टोपी कोणत्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळते. तेवढ्यापुरते फडकेच वापरायचे तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, दोरीचे टोक बाहेर ठेवून बसवावे.

खरा घात बहुधा आदल्या दिवशीच होतो. बोअरच्या पाण्याचे क्षार भांड्यावर बसलेले असतात, म्हणून कुणी ॲसिड ओतते. जंतू मरावेत म्हणून दुसरे कुणी त्यावर ब्लीचिंग पावडर टाकते. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो आणि बंद संडासात तो फुप्फुसे भाजतो. भरपूर पाणी ओतून, दार-खिडकी उघडून, फक्त ब्लीचिंगचे पाणी अर्धा तास ठेवावे. ॲसिडला हात लावू नये. फुटलेल्या चिनी मातीची धार काचेसारखी असते आणि तिला मैला लागलेला असतो. जाड हातमोजे, बूट, चष्मा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांचा खर्च टाइल्सच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असतो. तो घरमालकाने करायचा, बिगाऱ्याने नव्हे.

उघड्या पाइपातून येणाऱ्या वायूने हवेशीर संडासात सहसा डोके दुखते, मळमळते. जीव जात नाही. जीव जातो तो ‘आलाच आहेस तर टाकीतही बघ जरा’ या वाक्याने. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि माणूस खाली उतरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच पडतो. मिथेन पेट घेतो, म्हणून उघड्या टाकीजवळ विडी ओढणेही जिवावर बेतू शकते.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकी साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘कुणाही व्यक्तीने’ असे त्यात म्हटले असल्याने घरमालकही त्यातून सुटत नाही. मृताच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. टाकी उपसायला यंत्राची गाडी बोलवावी. आणि नव्या स्लॅबच्या नादात टाकीचा तो उंच, जाळीचा पाइप कापू नये. कोंडलेला वायू वर जायला दुसरी वाट नसते.