माती परीक्षणात मुंगीला जागा का नाही?

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव तालुक्यात कास्तकाराच्या हाती जी जमीन आरोग्य पत्रिका पडते, तिच्यात 12 घटकांची नोंद असते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. 2015 मध्ये सुरू झालेल्या या योजनेने खताच्या वापराला काही शिस्त लावली, हे मान्य करावे लागेल. मात्र या यादीत एकही सजीव नाही.

ही उणीव वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु या तालुक्यातील जमीन गेल्या दोन-अडीच दशकांत किती बदलांतून गेली, हे पाहिले म्हणजे तिचे गांभीर्य लक्षात येते. बेंबळा प्रकल्पामुळे काळ्या, चिकण जमिनीच्या या भागात कालव्याचे पाणी आले. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पऱ्हाटीचे सारे गणितच पालटले. 2017 च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात 20 हून अधिक बळी घेतले. माणसांची ही गत झाली, तेव्हा त्याच शेतातील जिवाणू, किडे, गांडुळे यांचे काय झाले, याची मोजदाद कोणी केली? दुसरीकडे 2014 पासून जलयुक्त शिवार आणि 2018 पासून यवतमाळसह अनेक जिल्ह्यांत जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, अशा योजनांवर मोठा निधी खर्च झाला. त्यांचे यश बहुधा खोलीकरण, बांध, शेततळी आणि साठलेले पाणी यांच्या आकड्यांत सांगितले जाते. जमीन सावरते आहे की नाही, हा प्रश्न त्यात मागे पडतो.

ऑस्ट्रेलियाने या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंगीची मदत घेतली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बॉक्साइट खाणी बुजवून तेथे पुन्हा झाडे लावली जात होती. ती जमीन खरोखर पूर्वपदावर येते आहे का, हे जोनाथन मेजर या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकापासून तेथील मुंग्यांच्या जाती मोजून तपासले. झाडोऱ्यात विविधता आणि जमिनीवर पालापाचोळा वाढला, तशा मुंग्यांच्या जातीही वाढल्या. पुढे अॅलन अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये आणखी उपयुक्त गोष्ट दाखवून दिली. क्वीन्सलँडमधील माउंट आयझा येथील धातू प्रकल्पाच्या गंधकयुक्त धुराचा परिणाम तपासताना त्यांनी सर्व मुंग्या न मोजता केवळ मोठ्या आकाराच्या मुंग्यांची नोंद घेतली. सविस्तर पाहणीतून निघालेले बहुतेक निष्कर्ष त्यातूनही हाती आले आणि श्रम फारच वाचले. तज्ज्ञ नसलेल्या कर्मचाऱ्यालाही ही पद्धत झेपू शकते, हे तिचे खरे मोल.

मुंगीच का? ती एका जागी घर करून राहते आणि तिचे वारूळ अनेक वर्षे टिकू शकते. पाखरू उडून जाते. मुंगीला त्याच मातीत तग धरावा लागतो. शिवाय कोणी दाणे गोळा करते, कोणी शिकार, कोणी गोड रस, त्यामुळे त्यांच्या अन्नाच्या निवडीतून परिसराचा ताळेबंदच समोर येतो. साधनेही साधी आहेत. जमिनीच्या पातळीत पुरलेले प्लास्टिकचे पेले दोन दिवस ठेवले, की नमुना हाती येतो.

येथे एक गैरसमज मात्र टाळायला हवा. मुंग्या पुष्कळ म्हणजे जमीन उत्तम, असे नाही. ढवळलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीत वाट्टेल ते खाणाऱ्या मोजक्या जातींची गर्दी होते आणि विशिष्ट जागा व विशिष्ट भक्ष्य लागणाऱ्या जाती दिसेनाशा होतात. एकूण संख्या त्यामुळे फसवी ठरते. पाहायचे असते ते कोण आले आणि कोण गेले.

कास्तकाराचे मुंगीशी नाते तसे दुहेरीच आहे. कापसाच्या पानामागे मधुरसाच्या ग्रंथी असतात. त्या रसाच्या ओढीने येणाऱ्या मुंग्या बोंडअळीची अंडी आणि लहान अळ्या खातात. त्याच मुंग्या मावा आणि पिठ्या ढेकूण यांनाही राखतात. त्यामुळे ती शत्रू की मित्र, हा वाद शिवारात मिटण्यासारखा नाही. पण निर्देशक म्हणून तिचा उपयोग करायला हा वाद मिटण्याची गरजही नाही.

अर्थात ऑस्ट्रेलियातील वर्गवारी येथे जशीच्या तशी लागू होणार नाही. भारतात मुंग्यांच्या 800 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि विदर्भाची कोरडी, तापलेली जमीन तिची स्वतःची आहे. अमरावती शहर व परिसरातील मुंग्यांच्या जातींचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. तशी यादी बाभुळगावच्या काळ्या मातीसाठी, गावाच्या ई-क्लास जमिनीसाठी आणि वणीच्या कोळसा खाणींलगतच्या मातीच्या ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्रपणे लागेल. ऋतूचेही भान ठेवावे लागेल. मे महिन्यात मुंग्या खोल जातात आणि पहिल्या पावसानंतर पंखवाल्या मुंग्यांनी शिवार भरते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हे काम हाती घेऊ शकते. मोठ्या आकाराच्या 10-15 जातींचे सचित्र पत्रक कृषी सहायकांना पुरेसे होईल.

अडचण वेळेची आहे. तुलनेसाठी पहिली नोंद काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. ज्या शिवारांत नांगर, यंत्रे आणि फवारणी यापूर्वीच पोहोचली, तेथे आता आधार उरतो तो न नांगरलेल्या धुऱ्यांचा; आणि जमिनीचा तुकडा वाढविण्यासाठी तेही वर्षागणिक अरुंद होत चालले आहेत.