विश्लेषण : साधा तीळ की त्वचेचा कर्करोग? डर्मोस्कोपीत दिसते ते मोबाइल ॲपला का दिसत नाही?

तिळाचा फोटो काढा आणि कर्करोगाचा धोका ओळखा, असे सांगणारी ॲप नवी नाहीत. ‘मेलॲप’ आणि ‘मोल डिटेक्टिव्ह’च्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०१५ मध्ये निराधार दाव्यांबद्दल कारवाई केली होती. मग त्वचारोगतज्ज्ञ वेगळे काय पाहतात?

डर्मोस्कोपी म्हणजे काय?

साधारण दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि दिवा असलेले हे छोटे उपकरण असते. त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे खालचे काही दिसत नाही. जेल किंवा ध्रुवीकृत प्रकाशाने ही चकाकी घालवली की आतले रंगद्रव्य दिसते. मेलॅनिन वरच्या थरात असेल तर काळे, त्याखाली तपकिरी आणि खोलवर निळसर दिसते.

धोका कसा ओळखतात?

निरुपद्रवी तिळात रंगाची जाळी बहुधा एकसारखी असते. मेलॅनोमात दोन बाजू जुळत नाहीत, जाळी वेडीवाकडी होते, कधी निळसर-पांढरा पडदा दिसतो.

भारतीयांनी काय लक्षात ठेवावे?

गडद त्वचेत मेलॅनोमा दुर्मीळ आहे. पण होतो तेव्हा अनेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली. म्हणूनच तो उशिरा लक्षात येतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या बोटावरचा डाग आधी फुटबॉलची दुखापत वाटला होता. १९७७ मध्ये मेलॅनोमाचे निदान झाले. १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले.

तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. रंग खोबणीत असेल तर तो बहुधा साधा तीळ. उंचवट्यावर असेल तर मेलॅनोमाची शंका. जपानी संशोधकांनी दाखवून दिलेला हा फरक आज जगभर वापरला जातो.

मर्यादा कोणत्या?

उपकरणापेक्षा ते हाताळणारा महत्त्वाचा. प्रशिक्षण नसेल तर डर्मोस्कोपी उघड्या डोळ्यांपेक्षा सरस ठरत नाही, असे २००२ मधील एका आढाव्यात आढळले. ॲपच्या भरवशावर राहिल्यास मेलॅनोमा नजरेतून सुटण्याचा धोका मोठा, असा इशारा २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने दिला. शंका आल्यास अंतिम निदान बायोप्सीनेच होते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

तीळ वाढत असेल, रंग किंवा आकार बदलत असेल, रक्त येत असेल किंवा नखाखालचा काळा पट्टा रुंदावत असेल तर थांबू नये. लवकर सापडलेला मेलॅनोमा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बरा होतो.