आबांचा बिल्ला

आबा गेले त्या संध्याकाळीच चौकात फ्लेक्स लागला. ठसठशीत अक्षरांत 'माजी सैनिक', लष्करी टोपीतला तरुण चेहरा आणि मागे रणगाडा. त्या अवस्थेतही मला हसू फुटलं. आबा मराठा लाइट इन्फंट्रीचे, जंगी पलटणीतले. सगळी नोकरी पायदळात गेली. रणगाडा त्यांनी पाहिला असेल तो लांबूनच.

तिरंगा आला, माजी सैनिकांनी सलामी दिली, भाषणं झाली. त्याबद्दल तक्रार नाही. 1963 ते 1978 अशी पंधरा वर्षं त्यांनी पलटणीत काढली, पूर्वी स्टार छातीवर लावून घरी आले. पण त्यानंतर 2002 पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, हा माणूस एसटीचा ड्रायव्हर होता आणि एकाही वक्त्याच्या तोंडी एसटी हा शब्द आला नाही. 'निवृत्तीनंतरही त्यांनी देशसेवेचा वसा सोडला नाही,' असं एक जण म्हणाले. म्हणजे काय केलं, ते मात्र सांगितलं नाही.

1971 बद्दल आबा फार बोलत नसत. ब्रह्मपुत्रा नावांतून ओलांडून पलटण जमालपूरच्या मागे जाऊन बसली. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरांनी चिठ्ठी धाडली, तर समोरच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. एवढं रंगवून सांगत आणि थांबत. 10 डिसेंबरची रात्र त्यांनी कधी सांगितली नाही. 11 ला सकाळी जमालपूर पडलं. त्याच्या आधी चार वर्षं, 11 डिसेंबरलाच, कोयनेच्या भूकंपात पाटण तालुक्यातलं आमचं घर पडलं होतं. दरवर्षी त्या तारखेला ते गप्प असत. कुठल्या 11 डिसेंबरसाठी, हे विचारायचं राहून गेलं.

एसटीचा विषय निघाला की मात्र आबा थांबत नसत. मुक्कामाची गाडी, शाळेच्या व्हरांड्यात टाकलेली पथारी, पहाटे थंडीत कुरकुरणारं इंजिन, टपावर दुधाच्या किटल्या, आत पेंगणारी कॉलेजची पोरं. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की समोरचं वळण दिसत नसे. मग काच खाली करून, कान देऊन गाडी हाकायची. "सीमेवर माझ्यामागं आख्खी पलटण हुती, समदी जागी," ते म्हणत, "घाटात माझ्यामागं पन्नास माणसं, आन् ती झोपल्याली." माझ्या मते त्यांनी केलेली देशसेवेची व्याख्या हीच, आणि ती भाषणात बसत नाही.

सरकारी हिशेबातही ती बसत नाही. 2016 पासून लष्करी पेन्शन किमान 9000 रुपये आहे. तीही काही डोळे दिपवणारी नव्हे. एसटीतून निवृत्त झालेल्यांना जी ईपीएस-95 लागू होते, तिची किमान रक्कम 2014 साली 1000 रुपये ठरली. माणूस एकच, हात तेच, आधी रायफल धरलेले आणि मग स्टेअरिंग. ही तफावत कुणाला खटकत नाही, कारण गणवेशाची अर्धी बाजू तेवढी आम्ही फ्लेक्सवर छापतो. 26 जानेवारीला ज्या ड्रायव्हरला झेंड्याजवळ खुर्ची देतो, त्याच्याच गाडीला दहा मिनिटं उशीर झाला की केबिनच्या जाळीतून शिव्याही आम्हीच घालतो.

त्यांच्या काळ्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक आणि मेडलं घडी घातलेल्या कापडात होती. त्यांच्याच शेजारी, चुन्याच्या डबीत, एसटीचा बिल्ला. घासून घासून त्यावरचे आकडे पुसट झालेत. मेडलांना मात्र हिरवट डाग पडले होते.

दहाव्याला त्यांचे जुने कंडक्टर आले. पंच्याहत्तरी ओलांडलेले, काठी टेकत. चौकात फ्लेक्सपाशी बराच वेळ उभे राहिले. टोपीतल्या त्या पोराला आणि रणगाड्याला न्याहाळलं आणि मला विचारलं, "ह्यात आमचा डायवर कुटं हाय?"