सड्यावरचे गवत आणि विळ्याची वेळ

मुरुड म्हटले की लोकांना समुद्रकिनारा आठवतो, नाहीतर महर्षी कर्व्यांचे गाव म्हणून त्याचे नाव घेतले जाते. आम्हाला आज बोलायचे आहे ते किनाऱ्याकडे पाठ करून, वरच्या सड्याविषयी. भाद्रपद सरत आला की दापोली तालुक्यातले सडे आणि वरकस उतार उंच गवताने भरून जातात. पाहणाऱ्याला वाटते, यंदा चाऱ्याला तोटा नाही. प्रत्यक्षात वैशाखात याच गावांतली गुरे हाडे काढून उभी असतात. असे का होते?

कारण पावसाळी गवत वाढते झपाट्याने आणि जून होते त्याहून झपाट्याने. फुलोरा येईपर्यंत ते कोवळे आणि सकस असते. एकदा बी धरले की काडी कडक होते, खालची पाने पिवळी पडतात आणि प्रथिने निम्म्याहून खाली येतात. अशा रानात गुरे सोडली तर ती शेंडे खुडतात आणि बाकीचे तुडवतात. कुसळी गवत असेल तर त्याची कुसळे जनावराच्या तोंडात आणि कातडीत रुततात. म्हणून जाणते सांगतात की निम्मे गवत फुलोऱ्यावर आले की विळा लावा. उघाड बघून कापा, कातळावर पसरून वाळवा आणि मग उडवी रचा. बुडखा चार बोटे राखा, म्हणजे ओल आहे तोवर नवे फुटवे येतात आणि दिवाळीनंतर गुरांना कोवळी चराई मिळते. सगळा सडा एकदम कापू नका आणि एकदम चारूही नका. त्याचे तुकडे पाडा. एक तुकडा दरवर्षी पाळीपाळीने बियाण्याला राखा, कारण सड्यावरचे बरेचसे गवत वर्षायू आहे. बी पडले नाही तर पुढच्या वर्षी उगवणार काय?

हा सल्ला सोळा आणे खरा आहे. पण तो कोणाला उद्देशून आहे? ज्याच्या नावावर सडा आहे त्याला. आमच्या वाडीतल्या माणसाकडे दोन गुरे आणि चार शेळ्या असतात, सातबारा नसतो. भातकापणी आणि गवतकापणी एकाच वेळी अंगावर येतात. तो आधी दुसऱ्याच्या भातावर मजुरीला जातो, कारण घरची चूल त्यावर चालते. मालकाने परवानगी दिली तर मग गवताला हात लावायचा. मालक मुंबईत असला तर निरोपाची वाट पाहायची. तोवर अश्विन उलटतो आणि गवताची काडी झालेली असते. गवत जून झाले याचे कारण आळस नव्हे. ज्याला गवताची गरज आहे त्याच्या हाती विळ्याची वेळ नाही.

हा प्रश्न आजचा नाही. याच रत्नागिरी जिल्ह्यात खोत कुळाच्या पिकावर आणि कष्टावर हक्क सांगत होता, वेठ घेत होता. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. त्या लढ्यात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे शामराव परुळेकर होते. पुढे त्यांनी आणि गोदावरीबाईंनी किसान सभेतर्फे ठाणे जिल्ह्यात वारल्यांना संघटित केले. तिथे १९४५ साली संप झाला तो गवतकापणीच्या मजुरीसाठी. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी होती. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्याचे सोबती शहीद झाले. गवताच्या काडीसाठी माणसे मेली आहेत, हे गवताला फुकटचा माल समजणाऱ्यांनी विसरू नये.

कूळ कायद्याने गवत, स्वतःच्या गुरांची चराई आणि राबाची जमीन यांना शेतीच मानले. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ नुसार गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. कायदा आहे, पण सडा हातातून जातो आहे. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. त्यात अनेकांचे भले झाले, हे आम्ही नाकारत नाही. पण बागेला कुंपण आले आणि भूमिहीनाचे गुरू कुंपणाबाहेर राहिले. आत न कापलेले गवत वाळते, फाल्गुनात वणवा लागतो आणि बागच जळते. गवत कापू न देणारा मालक स्वतःच्या कलमांभोवती सरण रचत असतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. भाद्रपदातच ग्रामसभेत गवताचा विषय घ्या. गावाच्या नोंदीत चराईची जमीन किती आहे, हे तलाठ्याकडून लेखी मागा. ती वाड्यांना पाळीने वाटून द्या आणि पहिली पाळी भूमिहीनांना द्या. बागमालकांशी बचत गटांनी लेखी करार करावा. गवत वेळेवर कापले की त्याची बाग वणव्यापासून वाचते आणि आपल्याला चारा मिळतो. "गवत नेता ना, मग मजुरी कशाला?" असे कोणी म्हणाले तर ठणकावून सांगा की जाळरेषा काढणे आणि बाग राखणे हे काम आहे, आणि कामाला दाम आहे.

जे गवत जून झालेच, त्यावरही उपाय आहे. शंभर किलो वाळल्या गवताला किंवा पेंढ्याला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर देत शिंपडावा. मग ढीग दाबून प्लास्टिकने एकवीस दिवस हवाबंद ठेवावा. उघडल्यावर वास उडू द्यावा आणि थोड्या थोड्या प्रमाणाने गुरांना सवय लावावी. लहान वासरांना हा चारा देऊ नये आणि युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या तज्ज्ञांना वाडीवर बोलवा आणि हे करून दाखवायला लावा. विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते, तेव्हा बोलावण्यात संकोच कसला?

पण युरिया हा उतारा झाला. गवत कोवळे असताना कापण्याचा अधिकार हा खरा इलाज आहे. तो अर्ज-विनंत्यांनी मिळणार नाही, संघटित होऊन मागावा लागेल. यंदाचा भाद्रपद त्यासाठी वाया जाऊ देऊ नका.