इलाज हवा, निवड नको

माणसाचे जनुक बदलावे का, हा प्रश्न आता परदेशातला राहिलेला नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी 'बिरसा १०१' हे क्रिस्पर तंत्र विकसित केले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्यात आल्याचे जाहीर झाले. मी राहतो त्या आकुर्डीहून हडपसरची सीरम गाडीने तास-दीड तासावर आहे.

माझे मत सरळ आहे. आजारी माणसाच्या इलाजासाठी जनुक जरूर बदलावे. जन्माला यायच्या मुलाचे गुण ठरवण्यासाठी बदलू नये.

सिकलसेलच्या अशा उपचारात रुग्णाच्याच रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून, दुरुस्त करून त्याला परत देतात. बदल त्याच्यापुरता राहतो, पुढच्या पिढीत जात नाही. हो किंवा नाही म्हणायचा हक्कही रुग्णाकडे किंवा त्याच्या पालकांकडे असतो. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी कुटुंबांना या आजाराच्या वेदना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. 'ही अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ आहे,' असे काहीजण म्हणतील. पण आजारावर इलाज करा, ही नबींचीच शिकवण आहे. आपल्या घरातले वडीलधारे जे इन्सुलिन घेतात, तेही जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांकडूनच बनवून घेतलेले असते.

गर्भाची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी एचआयव्हीपासून संरक्षण मिळावे म्हणून भ्रूणांचे जनुक बदलले आणि जुळ्या मुली जन्मल्या. पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली. त्या मुलींना कुणी विचारले नव्हते आणि तो बदल त्यांच्या मुलाबाळांतही जाऊ शकतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बिघडलेले व्हर्जन मागे घेता येते. इथे ती सोय नाही. भारतात २०१९ च्या आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनी अशा वंशगत बदलाला मनाई केली आहे, ती योग्यच आहे.

मोह मलाही होतो. माझ्या आजोबांना मधुमेह होता, अब्बूंना आहे. माझ्या मुलाला तो होऊ नये असे कोणत्या बापाला वाटणार नाही? पण आमच्या घरातल्यासारखा मधुमेह, उंची, बुद्धी हे एकेका जनुकाचे काम नाही. त्यात शेकडो जनुके आणि आपले राहणीमान गुंतलेले असते.

शिवाय आपण आजारावरच थांबू का? महाराष्ट्राचा अनुभव आठवा. गर्भातले दोष शोधण्यासाठी आलेली तंत्रे मुली पाडण्यासाठी वापरली गेली. १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा करणारे आपले पहिले राज्य. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. ज्या समाजात रिश्त्याच्या बायोडेटात 'गोरी, उंच' हे आधी बघतात, तिथे गर्भाचा रंग निवडता आला तर काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तरुणांनी आवाज उठवावा तो दोन गोष्टींसाठी. वंशगत बदलावरची बंदी पक्क्या कायद्यात यावी. आणि अमेरिकेत सिकलसेलच्या अशाच उपचाराची किंमत २२ लाख डॉलर असताना, आपल्याकडचा उपचार चाचण्यांमध्ये उतरला, तर तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळावा. नाहीतर बिरसा मुंडांचे नाव औषधाला आणि औषध मात्र पैसेवाल्यांना, असे व्हायचे.