कार्डं जमवू द्या, पाकिटं मोजा



आयपीएल सुरू झाली की आपल्या धंतोलीतल्या जनरल स्टोअरमध्ये गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांवर क्रिकेट कार्डांच्या पाकिटांच्या माळा लटकायला लागतात, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद सुरू होतो. यंदा एकीनं लिहिलं, हा सरळ सरळ जुगार आहे, सप्त व्यसनांतलं पहिलंच व्यसन आपण दहा-दहा रुपये देऊन मुलांना शिकवतोय. लगेच दुसरीचं उत्तर, मोबाइलपेक्षा शंभर पटीनं बरं, निदान पोट्टे एकमेकांशी बोलतात तरी. मग नेहमीप्रमाणे कुणीतरी सुप्रभातचं फूल पाठवलं आणि वाद तिथेच राहिला.

तो मिटायला हवा असं मला वाटतं, कारण दोघीही बरोबर आहेत. फक्त दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. पाकीट विकत घेणं वेगळं, कार्डांची अदलाबदल वेगळी आणि गठ्ठा साठवणं वेगळं. आपण या तिन्हींना मिळून ‘कार्डांचा नाद’ म्हणतो आणि एकदम हो किंवा एकदम नाही म्हणून मोकळ्या होतो.

ज्यांच्या घरी हे पोचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टॉप्स कंपनीच्या ‘क्रिकेट अ‍ॅटॅक्स’सारख्या संचात प्रत्येक कार्डावर एका खेळाडूचा फोटो असतो, त्याच्या फलंदाजी-गोलंदाजीचे आकडे असतात. बरीचशी कार्डं साधी, थोडी चंदेरी-सोनेरी. पाकीट बंद असतं, आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. दोनदा आलेलं कार्ड ‘डबल’. डबल देऊन नसलेलं घ्यायचं. उन्हाळ्यात बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, दुपारी मुलांना यशवंत स्टेडियमकडे पाठवायची सोय नसते, तेव्हा कूलरसमोर चटई टाकून पाच-सहा जण तीन तास कार्डं मांडून बसतात. त्या तीन तासांचं पुण्य मी तरी नाकारणार नाही.

आपल्यासाठी हे नवीन आहे असंही नाही. १९८७ चा रिलायन्स कप आठवा. ३१ ऑक्टोबरला इथेच, सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर, चेतन शर्मानं न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली आणि गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक काढलं, नाबाद १०३. त्या काळात बिग फन बबलगमसोबत धावा आणि बळी मिळायचे. ते जमवून दिले की छोटी पुस्तिका मिळे, तिची पानं अंगठ्यानं भर्रकन सोडली की खेळाडू फटका मारताना दिसे. गल्लीतले पोरगे धावांचे हिशेब बनियाच्या वहीसारखे ठेवायचे. गमपेक्षा कागदाला किंमत जास्त होती, आणि आमच्याकडे तर बरंच झालं, कारण गममध्ये काय असतं या शंकेनं तो तोंडात घालायला आजी बंदी करायची आणि कागद तेवढे ठेवू द्यायची.

या छंदाचं मूळ मात्र आपल्याला अजिबात आवडणार नाही. सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे, त्यावरच चित्रं छापायला सुरुवात झाली. विल्स कंपनीनं इंग्लंडमध्ये १८९६ साली क्रिकेटपटूंचा संच काढला. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात बेसबॉलपटूंचा असाच मोठा संच निघाला. त्यात होनस वॅगनर नावाच्या नामवंत खेळाडूनं आपलं चित्र छापायला हरकत घेतली. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं सांगतात. काही जण पैशाचा वाद होता म्हणतात, आणि तो स्वतः तंबाखू चघळायचा हेही खरं. छपाई थांबली, थोडीच कार्डं बाहेर गेली होती. त्यातलं एक २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. एका माणसानं नाही म्हटलं, आणि त्या नाहीचाच हा भाव.

आता पाकिटाकडे येते. ग्रुपवरच्या पहिल्या मैत्रिणीचं म्हणणं मला इथे पूर्ण मान्य आहे. कुणी म्हणेल, जुगारात पैसे बुडतात, इथे प्रत्येक वेळी काही ना काही हातात येतंच. पण मुलांची भाषा ऐका. ‘मला विराट मिळाला’ असं मूल म्हणत नाही, ‘मला गोल्ड लागलं’ म्हणतं. लागणं हे लॉटरीचं क्रियापद आहे, मटक्याचं आहे. आपण कुणी ते शिकवलेलं नाही, पाकिटानं शिकवलं. परदेशात सरकारांनाही हे जाणवलंय. बेल्जियममध्ये २०१८ साली तिथल्या जुगार नियंत्रण आयोगानं फुटबॉलसारख्या व्हिडिओ गेममधल्या अशाच बंद पेट्यांना, ज्यांत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर असतं, जुगार ठरवलं. पुठ्ठ्याच्या पाकिटाबद्दल तो निकाल नव्हता, पण पेटी उघडतानाची धडधड तीच.

आणि हिशेबही बघा. आपण व्यापारी समाजातल्या, हिशेब आपल्याला लवकर पटतो. समजा संचात १०० वेगवेगळी कार्डं आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे. एकट्यानं पाकिटं फोडून संच पूर्ण करायचा तर सरासरी सुमारे ५१९ कार्डं घ्यावी लागतात. पहिली ५० वेगळी कार्डं साधारण ६९ कार्डांतच जमतात, म्हणून मुलाला वाटतं, झालंच की आता. पण शेवटच्या दहांसाठी आणखी सुमारे २९३ कार्डं लागतात, आणि अगदी शेवटच्या एका कार्डासाठी सरासरी १००. पाकिटात पाच कार्डं धरली तर त्या एका चेहऱ्यासाठी वीस पाकिटं. सोनेरी कार्डं मुद्दाम कमी छापलेली असतील तर हा आकडा आणखी चढतो. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित वहीत करून दाखवा. उपदेशापेक्षा लवकर उतरतं.

या गणिताला तोड एकच, अदलाबदल. म्हणूनच दुसऱ्या मैत्रिणीचं म्हणणंही मला तितकंच पटतं. सहा मुलांनी डबल एकत्र केले की नवीन पाकिटांची गरज झपाट्यानं कमी होते. शिवाय देवाणघेवाणीत जे शिकायला मिळतं ते पाठशाळेच्या पुस्तकात शब्दांत असतं, इथे हातात असतं. आपल्या इमारतीत मे महिन्यात घडलेलं सांगते. सातवीतल्या मुलानं दुसरीतल्या मुलाकडून एक सोनेरी कार्ड घेतलं आणि बदल्यात वीस साधी दिली. धाकटा आधी खूश, वीस म्हणजे केवढी! संध्याकाळी कुणीतरी त्याला अक्कल शिकवली आणि तो रडत वर आला, ‘काकू, त्यानं मला फसवलं नं!’ थोरला म्हणाला, मी कुठे हिसकावलं, तो स्वतःहून हो म्हणाला.

बऱ्याच जणी म्हणाल्या, सोडा हो, पुठ्ठ्याचे तुकडे. मला ते सोडण्यासारखं वाटलं नाही. अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण घोकतो, त्यात हीनाधिक मानोन्मान आहे, घेताना मोठं माप आणि देताना छोटं. समोरच्याला भाव माहीत नाही याचा फायदा घेणं त्याच जातीचं आहे. तो ‘हो’ म्हणाला, पण सात वर्षांच्या मुलाच्या होकाराला किती वजन द्यायचं? शेवटी मुलांनीच ठरवलं की चौथीच्या खालच्या मुलाशी सौदा करताना तिसरा कुणीतरी मोठा मुलगा हजर पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत सौदा मोडता येईल. कार्ड परत गेलं. थोरला दोन दिवस फुगून होता, आणि त्याची आई माझ्याशी आठवडाभर. तो काही वाईट मुलगा नाही. पुढे दुकान चांगलं चालवेल, म्हणूनच त्याला आत्ता थांबवणं गरजेचं होतं.

मोठ्या माणसांतही हा छंद आहे. पोस्टानं कार्डं पाठवून अदलाबदल करतात, आधी कोणी पाठवायचं यावर सारा विश्वास. तिथे नकली कार्डं आणि खोट्या सह्यांचा धोका असतो. त्यालाही आपल्याकडे जुनं नाव आहे, प्रतिरूपक व्यवहार. तत्त्वार्थसूत्रात ते अचौर्याच्या अतिचारांतच येतं. पुठ्ठ्यावरची सही त्या आचार्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, पण माणूस तोच होता.

राहिलं साठवणं. परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, हे आपण प्रवचनात मान डोलावून ऐकतो. दोनशे कार्डं असूनही सहज देणारं मूल असतं आणि एका कार्डासाठी रात्री न झोपणारंही असतं. त्यामुळे ‘किती कार्डं आहेत’ एवढंच विचारून भागत नाही. तरीही आकडा लागतोच, नाहीतर परिग्रहपरिमाण व्रतात क्षेत्र-वास्तू, सोनं-चांदी, धन-धान्याची मर्यादा कशाला बांधली असती? माझं मत असं की कार्डांचं परिमाण मुलानं स्वतः बांधावं. नऊ खणांच्या प्लॅस्टिक पानांची फाइल मिळते. एक फाइल, दहा पानं, महिन्याला दोन पाकिटं, किंवा त्याला जे पटेल ते, पण त्यानं स्वतः लिहून सही करायची. आपण ठरवलेला आकडा मूल मोडण्यासाठीच पाळतं. आणि त्यानं जर विचारलं, ‘आई, तुझ्या साड्यांचं परिमाण किती?’ तर रागावू नका. प्रश्न रास्त आहे.

‘उद्या याचे लाखो होतील’ ही आशा मात्र घरातल्या पुरुषांकडून येते, आणि तिला वेळीच आवर घाला. परदेशातल्या एका बेसबॉल कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर आले. पण तो १९५२ चा संच तेव्हा खपला नव्हता, आणि उरलेला माल कंपनीच्या माणसानं पुढे समुद्रात बुडवला असं त्यानंच सांगितलंय. आजच्या पोरांची कार्डं समुद्रात कुणी बुडवणार नाही. दुमडलेली, श्रीखंडाचे डाग पडलेली कार्डं खेळण्यासाठी आहेत. त्यांना ठेवपावती समजलात तर मुलाचा खेळही जाईल.

एका सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. पाठशाळेच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, क्रिकेटच्या जागी चोवीस तीर्थंकरांची कार्डं काढू, मुलं आपोआप लांछनं शिकतील. हेतू चांगला आहे. पण डोळ्यांसमोर आणा, ‘दोन शांतिनाथ घे, एक पार्श्वनाथ दे’! कोण साधा, कोण सोनेरी? चटईवर पसरलेली, पायाखाली येणारी, डबल म्हणून टाकून दिलेली. ज्या प्रतिमेसमोर आपण हात जोडतो तिला भाव लावणं हा अविनय आहे. लांछनं शिकवायची तर तक्ता लावा, गाणं म्हणा. खेळाडूंची कार्डं खेळाडूंचीच राहू द्या.

त्यापेक्षा मुलांना घरीच कार्डं करू द्या. विदर्भानं रणजी करंडक तीनदा जिंकला, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ ला, तिसरा तर इथे जामठ्यातच. फैज फझल, अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी, खापरखेड्याचा उमेश यादव, यांच्या धावा-बळी वर्तमानपत्रातून शोधायचे आणि लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर लिहायचे. आमच्या मजल्यावरच्या दोघा मुलांनी सुरुवात केली आहे. उमेशचं घरगुती कार्ड सध्या तीन साध्या छापील कार्डांना जातंय, आणि भाव वाढतो आहे.

डबलचं काय करायचं, हे मी पर्युषणापूर्वी सगळ्यांना विचारणार आहे. माझा प्रस्ताव असा की उत्तम त्याग धर्माच्या दिवशी मुलांनी डबलचा गठ्ठा आपल्या वॉचमनच्या आणि कामवाल्या ताईंच्या मुलांना द्यावा, सोबत किमान एक सोनेरी. सोनेरीवरून घरोघरी भांडणं होणार हे मला दिसतंय. तुमच्याकडे काय झालं ते कळवा.