बग्गीबरोबर घाणाही लिहा

इथे वाडे, बग्ग्या, चांदीची ताटं यांच्या आठवणी मी आवडीने वाचतो. आमच्याकडेही हे सगळं होतं. माझी आजी अहमदाबादच्या एका सुखवस्तू बेने इस्राएल घरात सून म्हणून आली. सासरे रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, दीर डॉक्टर, दिवाणखान्यात पियानो. आजी मात्र नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र आणि बोलणं थेट कुलाबा जिल्ह्यातलं. (आम्ही ससूनसारखे बगदादी ज्यू नव्हे, हे अजूनही सांगावं लागतं. आमची आडनावं कोकणातल्या गावांवरून, शेवटी 'कर'.)

आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत. शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद, त्यावरून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. पुढे माणसं मुंबईला आली, पलटणीत, रेल्वेत, दवाखान्यांत शिरली. आजीच्या सासरी मग 'तेली' शब्दाची चोरी झाली. पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही.

सणांची नावंसुद्धा सुधारली गेली. आजी म्हणायची 'नव्याचा सण', पुरुषमंडळी लगेच 'रोश हशाना' म्हणून दुरुस्त करायची. 'बिरड्यांचा सण' म्हटलं की कोणीतरी 'तिशा बआव' म्हणायचंच. आजी गप्प बसायची आणि स्वयंपाकघरात पुन्हा आपलंच नाव चालवायची. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून केलेला तिचा हलवा मात्र कोणालाच सुधारायचा नव्हता!

मला ही दुरुस्ती अन्यायाची वाटते. कॉमर्सचा माणूस आहे, म्हणून हिशोब दिसतो : हातावर पोट असताना शनिवारी घाणा बंद म्हणजे सातातल्या एका दिवसाची कमाई सोडणं, तेही पिढ्यान्‌पिढ्या. कोकणात हिब्रू जवळजवळ विसरली गेली होती, तेव्हा हा शनिवार त्या तेल्यांनी सांभाळला. पियानो फार नंतर आला.

अहमदाबादचं मागेन अब्राहम सिनेगॉग 1934 सालचं. आता तिथे मोजकी घरं उरलीत, बाकीची माणसं बहुतेक इस्राएलला गेली. माझा नातू तिकडेच असतो, हिब्रू फाडफाड बोलतो. योम किप्पूरला त्याची पणजी 'दार फाळणीचा सण' म्हणायची, हे त्याला परवा फोनवर मी सांगितलं. "दार का?" त्याने विचारलं. मग अर्धा तास बोलत होतो.

घोडागाडीचा फोटो माझ्याकडेही आहे, टाकतो पुढच्या वेळी. तुमच्या घरी बग्गीच्या आधी काय होतं, तेही येऊ द्या की.